नक्षीचे आफ्रिकन नातेवाईक

त्याचं खरं नाव लग्नाच्या फोटोमागे कुठेतरी लिहिलेलं असेल तेवढंच. सगळे त्याला नक्षी म्हणायचे. दिवाणखान्याच्या छतावर प्लॅस्टरची वेलबुट्टी, खांबांना फुलं, पंख्याभोवती द्राक्षांचे घोस, हे त्याचं काम. पण 'काम' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "गिलावा करणारे वेगळे, मी घडवतो," असं तो मान वर करून सांगायचा. जन्म छताकडे बघण्यात गेल्यामुळे मान वर करायची त्याला सवयच लागली होती. लोकांना तो ताठा वाटायचा. खरं सांगायचं तर थोडा ताठाही होताच.

मग सपाट छतांची फॅशन आली. द्राक्षं सगळ्यांना नकोशी झाली. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं, पण ती द्राक्षं फोडायला लोक नक्षीलाच बोलवू लागले, कारण ती कुठे पोकळ आहेत आणि कुठे भरीव, हे त्यालाच ठाऊक. बिचारा हातोडी घेऊन आपलीच कला पोत्यात भरून आणायचा, आणि घरी आल्यावर बायकोला सांगायचा, "आज एका मोठ्या बंगल्याचं काम केलं." बायको पडद्यांच्या कापडाच्या दुकानात विक्रेती होती. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले असायचे. ती "बरं" म्हणायची. त्या घरात तिचा सगळ्यात जास्त वापरलेला शब्द हाच.

घरात आणखी एक व्यक्ती होती, नक्षीची सासू. सुनेशी पटलं नाही म्हणून मुलाकडून निघून ती लेकीकडे आली होती, "चार दिवस", आणि त्या चार दिवसांना आता केस पांढरे व्हायला आले होते. सुट्टीच्या दिवशी साडू यायचा, म्हणजे नक्षीच्या मेव्हणीचा नवरा. तोंडाचा पट्टा सुरू झाला की हा माणूस श्वास कधी घेतो, हे एक कोडंच होतं. आणि अधूनमधून उगवायचा मेव्हणा, बायकोचा भाऊ, ज्याने नक्षीची ड्रिल मशीन नेली होती आणि जो प्रत्येक भेटीत "अरे हो, तुझी ती मशीन" असं आपणहून म्हणून विषय बदलायचा.

अशा दिवसांत टाइल्सशेठने हॉटेल काढायचं ठरवलं.

टाइल्सशेठने आयुष्यभर बाथरूमच्या फरशा आणि कमोड विकले होते. मुख्य रस्त्यावरची त्यांची जुनी शोरूम रिकामी पडली, तेव्हा त्यांच्या मुलीने सांगितलं, "बाबा, आता लोक जेवायला जात नाहीत, फोटो काढायला जातात. जेवण मध्ये येतं." शेठना हे पटलं. कमोड विकतानाही लोक आधी दिसण्याकडेच बघतात, हा त्यांचा अनुभव. मग मुलीच्या ओळखीचा एक डिझायनर आला. सुरकुतलेला सदरा, लाकडी मण्यांची माळ, पायात दोरीच्या चपला. त्याच्या तोंडी प्रत्येक वस्तू श्वास घ्यायची. भिंत श्वास घेते, फरशी श्वास घेते, टेबलाला श्वास घेऊ द्या. मजुरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव श्वासबुवा ठेवलं.

"आफ्रिका," श्वासबुवा रिकाम्या शोरूमच्या मधोमध उभा राहून म्हणाला.

"आफ्रिकेतलं कुठलं?" शेठने विचारलं.

"कुठलं असं नसतं. आफ्रिका ही भावना आहे."

"तुम्ही राहिलाय का तिकडे?"

"किती राहिलो ते महत्त्वाचं नाही, शेठ. ती भूमी तुम्हाला आत घेते."

पुढे त्याच्याच बायकोकडून कळलं, की विमान बदलताना तिथल्या एका विमानतळावर तो दुपारभर अडकला होता, आणि त्या भूमीने त्याला अजिबात आत घेतलं नव्हतं, कारण त्याच्याकडे व्हिसा नव्हता. भावना जी काय झाली ती विमानतळावरच्या दुकानात.

हॉटेलचं नाव पडलं 'आदिम'. सगळं नैसर्गिक हवं, असा हुकूम निघाला. शोरूमच्या चकचकीत फरशा उखडून मातीची जमीन केली. भिंतींना भुसा कालवलेला चिखल फासला. छताला गवत लावलं, बसायला झाडांचे ओंडके आणले, वाळलेल्या भोपळ्यांना भोकं पाडून त्यांत दिवे टांगले. उद्घाटनाच्या आधी शेठने पाहुण्यांना जेवायला बोलावलं, आणि निसर्गाने आपलं काम सुरू केलं. गवतातून किडे सूपमध्ये पडले. भिंतीने एवढा श्वास घेतला की उच्छ्वासाबरोबर तिची माती भातात आली. भोपळे दिव्यांच्या उष्णतेने तापून कुबट वास मारू लागले. ओंडके आतून करकर वाजत होते. एक पाहुणे उठले तेव्हा त्यांच्या पाठीमागून भुशाची बारीक धार खाली सांडली. ओंडक्यातल्या भुंग्यांनी त्यांच्याआधीच जेवायला सुरुवात केली होती.

शेठ संतापले. "हे आफ्रिका आहे की अडगळीची खोली?"

श्वासबुवा विचारात पडला. मग म्हणाला, "नैसर्गिक वस्तू नैसर्गिक वाटत नाहीत, हीच आजची शोकांतिका आहे. आपण नैसर्गिकपणा घडवू."

'घडवू' हा शब्द कोणाच्या तरी तोंडून नक्षीपर्यंत पोचला आणि तो दुसऱ्या दिवशी हजर झाला.

एवढं मानावं लागेल, की खोटं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने प्लॅस्टरचे ओंडके केले, सालीसकट. काथ्या घालून प्लॅस्टरची मुळं केली, ती भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसायची. चिखलाच्या भिंतीवर चिखलाच्या रंगाचा गिलावा चढवला आणि त्याला बोटांनी भेगा पाडल्या. गवताच्या जागी प्लॅस्टिकचं गवत आलं, त्याला त्याने चहाच्या पाण्याने मळवून जुनं केलं. श्वासबुवा भिंतीला गाल लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघा, आता ही बोलतेय."

राहिले मुखवटे. बाहेरून मागवलेले मुखवटे बंदरातच कुठेतरी अडकले होते आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. श्वासबुवाने नक्षीला मोबाइलवर फोटो दाखवले. लांबट चेहरे, चिरेसारखे डोळे, पुढे आलेले ओठ. फोटोतल्या त्या कामात काहीतरी मोठं होतं, हे नक्षीला दिसलं, पण कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं. "नाक बसवताना घाई झालेली दिसते," एवढंच तो म्हणाला. आणि मग त्याने जे केलं ते बंगल्यांच्या फाटकावर बसणाऱ्या सिंहासारखं दिसत होतं. दुसरा केला, तोही सिंह. तिसरा सिंहीण.

"फोटोत बघू नका," श्वासबुवा वैतागून म्हणाला. "आत बघा. तुमच्या आत एक आदिम चेहरा आहे."

नक्षी घरी गेला तर तिथे आदिम चेहऱ्यांची बैठकच भरलेली. सुट्टीचा दिवस होता. साडू तावातावाने सांगत होता, की प्लॅस्टर आता संपलं, आता सगळं यंत्राने छापतात, त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या भावाने पाहिलंय. सासू डोळे बारीक करून नक्षीच्या चपलांकडे बघत होती. त्यांची पांढरी पावलं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उमटली होती. मेव्हणा म्हणाला, "अरे हो, तुझी ती मशीन," आणि उठून खिडकीशी गेला. नक्षीचं डोकं सणसणत होतं. मागच्या पडवीत जाऊन त्याने मातीचा गोळा घेतला आणि साडूचं तोंड उघडलं. म्हणजे मातीत. ते तो उघडतच गेला, चेहऱ्यात दुसऱ्या कशाला फारशी जागा उरली नाही तोवर. मग सासूचे डोळे केले, दोन चिरा, ज्यांतून सगळं दिसतं आणि काहीच आवडत नाही. मेव्हण्याचा चेहरा त्याने एका बाजूला वळवला, नजर चुकवणारा, लांब हनुवटीचा. साच्यातून प्लॅस्टर काढून त्यावर काळपट तपकिरी रंग चढवला, मेण घासलं. आयुष्यभर देवदूतासारखी बाळं आणि द्राक्षं करणाऱ्या माणसाने पहिल्यांदा खरोखर काहीतरी घडवलं होतं, आणि ते निव्वळ रागापोटी.

श्वासबुवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही वेदना! हे हजारो वर्षांचं आहे!"

"साधारण तेवढंच वाटतं," नक्षी म्हणाला.

प्रत्येक मुखवट्याखाली माहितीची पाटी लागली. मेव्हणा झाला 'युद्धदेव, जो शत्रूला पाठ दाखवत नाही'. सासू झाली 'सुफलतेची माता. नववधू हिच्याकडे आशीर्वाद मागतात'. आणि साडूखाली श्वासबुवाने स्वतः बसून लिहिलं, 'मौनाचा रक्षक. याच्यासमोर जमातीतले तरुण न बोलण्याची शपथ घेतात.' ते उघडं तोंड म्हणजे शब्दांपलीकडची पोकळी, असं त्याने शेठना समजावलं. शेठनी मान डोलावली. कमोड विकतानाही त्यांना पोकळीचं महत्त्व असंच समजावून सांगावं लागे.

हॉटेल चाललं. तेच सूप, तोच भात, तोच भाजलेला मासा, फक्त लाकडी वाडग्यांत आणि लाकडाची किंमत धरून. लोक युद्धदेवाखाली उभे राहून फोटो काढत आणि नववधू सुफलतेच्या मातेला हात जोडून आशीर्वाद मागत.

एका दुपारी मोठ्या इस्पितळातली हाडांची डॉक्टर दोन सहकाऱ्यांबरोबर जेवायला आली. ती आफ्रिकेतल्या एका मोठ्या शहरातली होती, इथे येऊन बरीच वर्षं झालेली. शेठ तिला बघून आनंदाने पुढे धावले. आपल्या हॉटेलावर आता अस्सलपणाचा शिक्का बसणार, असं त्यांना वाटलं. तिने मौनाच्या रक्षकाची पाटी वाचली, चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा पाटी वाचली, आणि चमचा खाली ठेवून हसायला लागली.

"हे कुठल्या लोकांचं?" तिने विचारलं.

"आफ्रिकेतलं," शेठ म्हणाले. "आतल्या भागातलं."

"कशाच्या आतल्या?"

श्वासबुवा लगबगीने आला. "तुम्हाला घरी आल्यासारखं वाटत असेल. तुमच्या मुळांशी..."

"माझी मुळं नवव्या मजल्यावर आहेत," ती म्हणाली. "लिफ्ट बंद पडली की आम्ही रडायचो. घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मुखवटे मी शाळेच्या सहलीत बघितले, संग्रहालयात. फार सुंदर होते, आणि कोणी केले, कशासाठी केले, ते खाली नीट लिहिलेलं होतं. हे काय आहे ते मला माहीत नाही. पण हा माणूस काही गप्प बसणाऱ्यातला नाही. माझा एक मामा हुबेहूब असा आहे. मयताच्या घरीही बोलायचा थांबत नाही."

नक्षी तेव्हा शिडीवर चढून भिंतीच्या भेगा भरत होता, म्हणजे खऱ्या पडलेल्या भेगा बुजवून खोट्या पाडत होता. त्याला राहवलं नाही.

"मामा नाही," तो वरून म्हणाला. "माझा साडू आहे तो."

शेठनी डोळ्यांनी त्याला गप्प राहायची खूण केली. पण कौतुकाला मुकलेला माणूस तो, कुठला गप्प बसतोय! शिडीवरून उतरून त्याने डॉक्टरीणबाईंना सगळी ओळख करून दिली. ही सासू. हा मेव्हणा, हा पाठच दाखवतो. टेबलांवरची माणसं ताटं सोडून त्याच्यामागे फिरू लागली. कोणी म्हणालं, ही तर आमच्या साहेबांसारखी दिसते. हसून हसून डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि जाताना त्या श्वासबुवाला म्हणाल्या, "याला आफ्रिका कशाला म्हणता? याला घर म्हणा."

स्वयंपाकघरात नेऊन शेठनी नक्षीला फैलावर घेतलं. "माझं नाक कापलंस! लोकांना साडू दाखवायला एवढा खर्च केला मी?" पण त्या आठवड्यात गर्दी वाढली, तेव्हा नाक पुन्हा जागेवर बसलं. श्वासबुवाही चपळ माणूस. त्याने पाट्या बदलल्या: 'आप्तसंबंध: दोन खंडांचा संवाद'. एका मासिकात त्याचा फोटो आला, हाताची घडी घातलेला, सदऱ्यावर प्लॅस्टरचे ताजे डाग. ते डाग त्याने फोटोआधी नक्षीकडूनच मूठभर प्लॅस्टर मागून पाडून घेतले होते. फोटोच्या कोपऱ्यात शिडी दिसत होती, आणि शिडीवर नक्षीचे पाय, घोट्यांपर्यंत.

नातेवाइकांपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. "आमचे चेहरे लागलेत म्हणे हॉटेलात!" असं म्हणत साडू सगळ्यांना घेऊन निघाला. नक्षीने उद्या जाऊ म्हणून बघितलं, पण बायकोने शांतपणे चपला घातल्या आणि ती म्हणाली, "मलाही बघायचंय."

आणि मग जे झालं ते नक्षीलाही अपेक्षित नव्हतं. सासूने युद्धदेवाकडे बघून तोंडाला पदर लावला. "अगं बाई, हा तर आपला! नजर बघ कशी चोरट्यासारखी." मेव्हण्याने मौनाचा रक्षक ओळखला आणि गुडघ्यावर थापा मारत हसला. साडू त्याच मुखवट्याखाली उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "कोण आहे हा? याच्याबरोबर प्रवास करायची वेळ येऊ नये बुवा. मी सांगतो, मला माणसं कळतात, हा एकदा सुरू झाला की," आणि तो पुढे बराच वेळ सांगत राहिला. सासू सुफलतेच्या मातेपुढे थांबली. तिने डोळे बारीक केले, वरच्या डोळ्यांइतकेच.

"ही कोण महामाया?" ती म्हणाली. "हिच्या घरात सून टिकायची नाही."

मेव्हण्याला ठसका लागला. प्रत्येकाने दुसऱ्याला ओळखलं आणि स्वतःला कोणीच ओळखलं नाही. सगळे खूश होऊन जेवायला बसले. साडूने नक्षीच्या पाठीवर थाप मारून त्याला कलाकारही म्हटलं.

बायको मात्र बसली नव्हती. ती एकेका भिंतीपाशी जात होती, प्लॅस्टरच्या मुळांच्या मागेही बघत होती. मग येऊन तिने हळू आवाजात विचारलं, "माझा कुठे लावलाय?"

"तुझा नाही केला."

"का?"

इथे त्याला सहज म्हणता आलं असतं, की तुझ्यावर राग नव्हता. ते खरंही होतं. पण कौतुकाने त्याची जीभ सैल झाली होती आणि तो त्याच्याही पलीकडचं खरं बोलून गेला. "बसलो होतो करायला. डोळे मिटले, पण तुझा चेहरा येईचना."

ती "बरं" म्हणाली.

त्यानंतर घरात ती काहीच वेगळं वागली नाही. चहा दिला, डबा भरला, आईची औषधं काढून ठेवली. नक्षीला तेच सहन होईना. भांडली असती तर त्याला मातीत उतरवायला काही मिळालं असतं. तो चोरून तिच्याकडे बघायला लागला, पण ती सतत पाठमोरी असायची, ओट्याकडे, कपड्यांकडे, आईच्या खाटेकडे. एका सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बघायचंय ना? बघ. मला दुकानात जायचंय." त्याने बघितलं. मुखवटा घाईघाईने केला. सुकल्यावर तिला दाखवला.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली.

खरंच होती. त्याने तो फोडला. पुन्हा केला, तर ती कोणीच नव्हती, एक बाई होती नुसती.

दरम्यान 'आदिम'ला नवी हाव सुटली. आफ्रिकेचे फोटो सगळ्यांचे काढून झाले, तेव्हा श्वासबुवाने बर्फाचा प्रदेश सुचवला. सगळं पांढरं, सपाट, शांत. मुखवटे उतरले. शेठनी ते नक्षीला घेऊन जायला सांगितले, पण तो पोचायच्या आत साडू आपला मुखवटा, म्हणजे त्याच्या मते दुसऱ्याच कोणाचा, मागून घेऊन गेला आणि दारावर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगतो, की अशी माणसं ओळखून लांब राहायला शिका.

एके दिवशी पडद्यांच्या दुकानाजवळ नक्षीचं काम निघालं. काचेतून त्याने सहज आत बघितलं. त्याची बायको काउंटरपाशी एक मोठा पडदा अंगाभोवती गुंडाळून उभी होती, बहुधा कापडाचा झोळ कसा पडतो ते दाखवत असेल, आणि समोरच्या दोन बायकांना काहीतरी सांगत होती. त्या हसल्या. मग ती स्वतः हसली, डोकं मागे टाकून, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटून, वरचा दात थोडा तिरका. तो दात तिरका आहे हे नक्षीला माहीत नव्हतं. तो फुटपाथवर प्लॅस्टरची बादली हातात घेऊन उभा राहिला. त्याने आत जाऊन हाक मारली नाही. आपण आत गेलो की तो चेहरा जाईल, एवढं त्याला कळलं, आणि हे कळणं काही सुखाचं नव्हतं.

तो चेहरा त्याने घरी जाऊन केला. या वेळी घाई नव्हती. संध्याकाळी ती परत आली तेव्हा त्याने तो समोर ठेवला. तिने बोट लावून दात चाचपला.

"अशी हसते मी?"

"दुकानात हसतेस. घरी कधी बघितलं नाही."

"घरी कारण लागतं," ती म्हणाली.

तिने मुखवटा उचलून उलटा केला, मागून अंगठ्याने दाबून बघितला.

"ओला आहे अजून?"

"आतून आहे थोडा."

"मग परवा नेते. दुकानात लावते. तिथल्या बायकांना लगेच ओळखू येईल."